पित्त, गांधी आणि रक्तातील पेशी

मराठीत ताप येतो, खोकला होतो, हाड मोडते. पण अंगावर पित्त मात्र 'उठते'. जणू ते आत कोठे तरी निजलेले होते आणि कोणी तरी त्याला डिवचले. श्रोतेहो, आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे त्याचे सारे मर्म या एका क्रियापदात आले आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पित्त उठते हे तर डोळ्यांना दिसते. पण ते उठण्यापूर्वी कोठे असते, आणि त्याला उठवतो कोण? या दोन प्रश्नांचा पाठलाग माणसाने निदान दोन हजार वर्षे केला आहे. त्या पाठलागाचा इतिहास सांगण्याचे कारण असे की, त्यातील शेवटचे प्रकरण गेल्या चाळीस वर्षांत लिहिले गेले, आणि त्याचा संबंध आपल्या या शहापूर तालुक्यातील, डोळखांबच्या बाजूच्या, रात्र रात्र अंग खाजवत बसणाऱ्या माणसांशी थेट पोहोचतो.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. कातडीवर लालसर, फुगीर, कडा असलेल्या गांधी उठतात, विलक्षण खाज सुटते, आणि काही तासांत ती गांध मागमूस न ठेवता नाहीशी होते. एक जाते तोच दुसरी दुसरीकडे उठते. कोणतीही एक गांध साधारणपणे चोवीस तासांच्या आत विरते, ही तिची मोठी खूण. हा प्रकार सहा आठवड्यांच्या आत संपला तर त्याला तात्कालिक म्हणावयाचे, त्यापुढे चालला तर जुनाट. जुनाट पित्त पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दुप्पट आढळते आणि एकदा जडले की एक वर्ष, दोन वर्षे, कधी पाच वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ पिच्छा सोडत नाही. त्याने माणूस सहसा मरत नाही. म्हणूनच त्याच्याकडे कोणी गंभीरपणे पाहात नाही. 'अहो, पित्तच ना, आमसूल लावा,' असे म्हणून आपण मोकळे होतो. मात्र ओठ, जीभ वा घसा सुजून श्वास कोंडू लागला तर ती निराळी गोष्ट. अशा वेळी आमसूल, काव, घोंगडी हे सारे बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठला पाहिजे.

आता शब्दांकडे वळू. आपल्या वैद्यकात या विकाराला शीतपित्त म्हणतात. मौज अशी की, नावात पित्त असले तरी निदानकारांच्या मते यात जोर वाताचा असतो. थंड वारा अंगाला लागून कफ आणि वात खवळतात आणि ते पित्ताशी मिळून आत-बाहेर पसरतात, अशी त्यांची उपपत्ती. माधवकराने सुमारे सातव्या-आठव्या शतकात आपल्या निदानग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचे एकत्र प्रकरण केले आहे. तेथे गांधीला त्याने उपमा दिली आहे ती वरटीच्या, म्हणजे गांधीलमाशीच्या, दंशाने येणाऱ्या सुजेची. आपल्या बोलीतही गांध आणि गांधीलमाशी हे शब्द एकमेकांच्या नात्यातले दिसतात. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा संस्कृत ग्रंथकार आणि शेताच्या बांधावर माशी चावलेला आपला कुणबी या दोघांनी एकच गोष्ट एकाच नजरेने पाहिली होती, असे म्हणावे लागते.

पण माधवकराचे खरे मोठेपण उपमेत नाही, वर्गीकरणात आहे. ज्यात वात प्रबळ ते शीतपित्त, ज्यात कफ प्रबळ आणि जे शिशिरात जोर करते ते उदर्द. क्षणात उठून क्षणात जाणारा तो कोठ, आणि पुन्हा पुन्हा उलटून येत राहतो तो उत्कोठ. आजचा डॉक्टर तात्कालिक आणि जुनाट असा जो भेद करतो, त्याची चाहूल येथे लागते. त्याची कारणमीमांसा आज आपल्याला पटो वा न पटो. दिसायला सारखे असलेले रुग्ण आतून सारखे नसतात, त्यांना निरनिराळ्या राशींत घातले पाहिजे, ही जाणीव त्याच्यापाशी होती. माझे आजचे सारे व्याख्यान या एका जाणिवेभोवती फिरणार आहे.

त्याहून जुन्या चरकसंहितेत उदर्द शमवणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गण सांगितला आहे. त्यांतील काहींची नावे आपल्या कानांना परकी वाटणार नाहीत: टेंभुर्णी, चारोळी, बोर, खैर, सातवीण, अर्जुन. शहापूरहून डोळखांबकडे जाताना रस्त्याच्या दुतर्फा जी रानझाडे दिसतात, त्यांच्याच पंगतीतली ही नावे. खैराचे तर येथे माणसांशीही नाते आहे. खैराच्या गाभ्यापासून कात काढणे हा ज्यांचा पूर्वापार व्यवसाय, ते कातकरी. व्यवसायावरूनच जमातीला नाव पडले. आता कात म्हणजे तुरट द्रव्य, आणि तुरट द्रव्याने कातडीचा दाह शमतो, हा अनुभव सर्व देशांतील लोकांना आहे. परंतु या झाडांचा काढा जुनाट पित्तावर नेमका किती चालतो, कोणाला चालतो, याचे मोजमाप त्या काळी कोणी केले नाही. करण्याची रीतच नव्हती. ती रीत कशी आली ते पाहण्यासाठी आपल्याला थोडे पश्चिमेकडे जावे लागेल.

ग्रीक वैद्यांनी या रोगाला काटेरी आग्या झुडपावरून नाव दिले होते. त्या झुडपाचे लॅटिन नाव उर्टिका. त्यावरून १७६९ साली एडिंबरोच्या विल्यम कलेन या अध्यापकाने रोगांच्या वर्गीकरणाचा ग्रंथ लिहिताना 'अर्टिकेरिया' हा शब्द रूढ केला. म्हणजे आपण माशीवरून ओळख पटवली, त्यांनी झुडपावरून. आपल्याकडे झुडूपच निवडावयाचे झाले असते तर खाजकुइली निवडली गेली असती यात शंका नाही! पण ती निवड चुकली असती. खाजकुइलीच्या शेंगेवरील लवीने जी खाज सुटते ती निराळ्या जातीची असते. शेली आणि आर्थर या अमेरिकी संशोधकांनी १९५५ साली दाखवून दिले की, त्या लवीत प्रथिने तोडणारे एक पाचक द्रव्य असते आणि खाज त्याची असते. खाजेच्याही जाती असतात आणि एका जातीचे औषध दुसरीला लागू पडत नाही, एवढे या ठिकाणी ध्यानात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत रंगांचे कारखाने भरभराटीला आले. कोळशाच्या डांबरापासून काढलेले नवे नवे रंग घेऊन पॉल एर्लिक नावाचा एक तरुण वैद्यकविद्यार्थी शरीराच्या ऊती रंगवीत बसे. १८७८ साली लाइपझिग विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्याने काही विशिष्ट पेशींचे वर्णन केले. त्यांच्या पोटात दाणेच दाणे भरलेले होते आणि रंग लागताच ते दाणे उठून दिसत. एर्लिकला वाटले, या चांगल्या खाऊन-पिऊन पुष्ट झालेल्या पेशी असाव्यात. जर्मन भाषेत जनावरांना पुष्ट करण्याच्या खाद्याला 'मास्ट' म्हणतात; त्यावरून त्याने त्यांना मास्ट पेशी हे नाव दिले. आपल्या 'मस्त' शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, पण अर्थ बेताबेताने जुळतो खरा. लगेच पुढच्या वर्षी, १८७९ साली, त्याने रक्तातील पांढऱ्या पेशींचेही रंगांवरून गट पाडले. इओसिन या लाल रंगाचे दाणे धरणाऱ्या त्या इओसिनोफिल, आणि अल्कधर्मी रंग घेणाऱ्या, संख्येने अत्यंत थोड्या, त्या बेसोफिल. या तीन नावांची ओळख राहू द्या. पित्त उठण्यापूर्वी ते कोठे असते, याचे उत्तर एर्लिकच्या काचपट्टीवर तेव्हाच उमटले होते. पण ते वाचता येण्यास पाऊण शतक जावे लागले.

१९१० साली लंडनला डेल आणि लेडलॉ यांनी हिस्टामीन या द्रव्याचे शरीरावरील परिणाम तपासले. १९२७ साली टॉमस लुइस या हृदयरोगतज्ज्ञाने मनुष्याच्या त्वचेतील रक्तवाहिन्यांवर ग्रंथ लिहिला. त्याचा प्रयोग आपण घरी करून पाहू शकता. हाताच्या आतल्या बाजूवर बोथट वस्तूने जोराने रेघ ओढावी. प्रथम रेघ लाल होते, मग तिच्या आजूबाजूला लाली पसरते, आणि घाव जोराचा असेल तर रेघेच्या जागी फुगवटा येतो. टाचणीने टोचून हिस्टामीन घातले असता अगदी हाच त्रिविध परिणाम होतो. तेव्हा कातडीत हिस्टामीनसारखेच काही तरी सुटत असले पाहिजे, असा लुइसचा निष्कर्ष होता. ते सुटते कोठून हे १९५३ साली रायली आणि वेस्ट या दोघांनी दाखवले: एर्लिकच्या मास्ट पेशींच्या दाण्यांतून. दाणे फुटले की हिस्टामीन सुटते, केशवाहिन्या झिरपतात, गांध उठते. म्हणजे पित्त निजलेले असते ते कातडीतल्या मास्ट पेशींच्या पोटात.

दरम्यान हिस्टामीनला अडवणारी औषधेही निघाली होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे यांनी १९३७ साली अशा पहिल्या संयुगाचा शोध लावला. वीस वर्षांनी, १९५७ साली, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या पिढीच्या गोळ्या घेतल्या की डोळे मिटत. पुढे सेटिरिझीनसारख्या कमी झोप आणणाऱ्या गोळ्या आल्या आणि त्या आज खेड्यातील दुकानातही मिळतात. पुष्कळांना त्यांनी आराम पडतो. पण मोठ्या संख्येने रुग्ण असे आहेत की, ज्यांना नेहमीच्या मात्रेत, आणि काहींना डॉक्टरांनी मात्रा चौपट करूनही, आराम पडत नाही. एकच रोग, एकच गोळी, आणि निकाल दोन! असे का व्हावे?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: पित्ताला उठवतो कोण? येथे सर्वांचे बोट एकाच आरोपीकडे वळत असे, आणि तो म्हणजे अन्न. यालाही पुरावा नव्हता असे नाही. ब्रेस्लाऊ शहरातील हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरला शिजवलेले मासे खाल्ले की गांधी उठत. १९२१ साली त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्झ याने क्युस्टनरच्या रक्तातील रस काढून आपल्या स्वतःच्या कातडीत टोचला. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी माशांचा अर्क टोचला. प्राउस्निट्झला मासे एरवी मुळीच बाधत नसत. पण त्या एवढ्या जागेवर टचकन गांध उठली. एका माणसाचा दोष दुसऱ्याच्या कातडीत नेता आला! रक्तात असे काही तरी होते की जे मासे 'ओळखत' होते. त्या द्रव्याचा शोध लागण्यास पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६ साली डेन्व्हर येथे काम करणारे इशिझाका हे जपानी दांपत्य आणि त्यानंतर लगेच स्वीडनमधील योहान्सन व बेनिक यांनी ते स्वतंत्रपणे ओळखले, आणि १९६८ साली त्याला आयजीई हे नाव मिळाले. हे प्रतिपिंड मास्ट पेशींच्या आणि बेसोफिल पेशींच्या पाठीवरील खुंट्यांना अडकून बसते. ओळखीचा शत्रू आला की दोन शेजारचे आयजीई त्याला धरतात, खुंट्या एकमेकींजवळ ओढल्या जातात आणि पेशी फुटते.

सर्पदंशाच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला याचा एक जवळचा पुरावा माहीत आहे. परळच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरचे औषध तयार केले आणि त्याने असंख्य प्राण वाचले. पण ते औषध टोचल्यावर काही रुग्णांच्या अंगावर भराभर गांधी उठतात, काहींना आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी आणि पित्त होते. व्हिएन्नाच्या पिर्के आणि शिक यांनी १९०५ साली घोड्याच्या रक्तरसाने होणाऱ्या या दुखण्यावर ग्रंथ लिहिला, आणि १९०६ साली पिर्केने ॲलर्जी हा शब्द घडवला. गांधी उठतात म्हणून सर्पदंशावरचे औषध कोणी नाकारू नये हे सांगणे नकोच; डॉक्टरांपाशी त्यावर उपाय हाताशी असतो.

तेव्हा बाहेरून काही तरी आत येते आणि पित्त उठते, हा विचार पक्का रुजला. तात्कालिक पित्ताच्या बाबतीत तो अनेकदा खराही असतो. पण जुनाट पित्ताला तोच न्याय लावला गेला आणि तेथे अनर्थ झाला. रुग्णाला सांगावयाचे, अंडी सोडा. तो सोडतो, गांधी उठतातच. मग वांगी सोडा, मासे सोडा, शेंगदाणे सोडा, आंबट सोडा. शहरातल्या भरल्या घरात हे पथ्य म्हणजे गैरसोय. पण ज्या घरात ताटात भात, एखादे कालवण आणि सुकट एवढेच पडते, तेथे सुकट आणि डाळ वर्ज्य करणे म्हणजे उपासमार. त्यातही रुग्ण बहुधा बाई असते, आणि बाईच्या ताटातून पदार्थ काढून घेण्यास घरात फारसा विरोध होत नाही. वर्षानुवर्षे अशी पथ्ये पाळून अंगाची काडी झालेल्या आणि तरीही रात्री खाजवत बसलेल्या स्त्रिया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला वर्गीकरण हा शब्द कोरडा वाटणार नाही. चुकीच्या राशीत टाकलेल्या रुग्णाला त्याची किंमत शरीराने मोजावी लागते.

१९८६ साली इंग्लंडमध्ये ग्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मला तो प्राउस्निट्झच्या प्रयोगाइतकाच सुंदर वाटतो. जुनाट पित्ताच्या रुग्णाचे रक्त काढले, त्याचा रस वेगळा केला आणि तो त्याच रुग्णाच्या हातावर टोचला. कित्येक रुग्णांत तेथे गांध उठली. बाहेरचे काही आत गेलेच नव्हते! मासे नाहीत, अंडे नाही, वांगे नाही. माणसाचा स्वतःचा रक्तरसच आरोपी. १९९३ साली मिचिहिरो हिदे, माल्कम ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रसातील द्रव्य ओळखले. काही रुग्णांच्या शरीरात मास्ट पेशींवरील त्या खुंट्यांविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार. त्याच सुमारास असेही दिसत गेले की, अशा रुग्णांत थायरॉइड ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडेही पुष्कळदा सापडतात. म्हणजे स्वतःच्याच शरीराला परके मानण्याची त्या देहाची सवयच असते.

ही चाचणी आपल्या परिसरातही येऊन पोहोचली. त्या वेळच्या अविभक्त ठाणे जिल्ह्यातील नेरूळ येथे डॉ. किरण गोडसे यांनी जुनाट पित्ताच्या रुग्णांवर ती करून २००४ साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात निकाल प्रसिद्ध केला. सुमारे पाव रुग्णांत ती होकारार्थी आली. चार वर्षांनी, २००८ साली, अलाहाबादच्या डॉ. बजाज यांनी आणि सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकून, रुग्णाचाच रक्तरस दर आठवड्याला टोचून उपचार करण्याची जुनी कल्पना नव्याने तपासली. काहींना त्याने बराच गुण आला. पुढील चाचण्यांत मात्र निकाल एकसारखे आले नाहीत. मला त्या उपचाराचा पुरस्कार करावयाचा नाही. पण चाचणीकडे लक्ष वेधावयाचे आहे. तिला लागते काय? एक सुई, एक नळी, रक्त फिरवून रस वेगळा करणारे यंत्र, तुलनेसाठी मिठाचे पाणी आणि हिस्टामीन, आणि अर्धा तास थांबण्याची तयारी. रुग्णाच्या रसाची गांध मिठाच्या पाण्याच्या गांधीपेक्षा दीड मिलिमीटरने तरी मोठी असावी लागते. त्यापूर्वी दोन-तीन दिवस खाजेच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. तिला मर्यादाही आहेत. काही निरोगी माणसांतही ती होकारार्थी येते.

आता एर्लिकच्या त्या विरळ बेसोफिल पेशींकडे परत यावे लागते. मास्ट पेशी कातडीत रुतलेल्या, त्या पाहावयाच्या तर कातडीचा तुकडा कापावा लागतो. बेसोफिल मात्र रक्तात फिरतात, आणि त्यांच्या पाठीवर त्याच खुंट्या, पोटात तेच हिस्टामीन. कातडीत काय चालले आहे याची बातमी आणणारे ते जणू टपालवाले. साठीच्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या रोर्समन यांनी दाखवले की, पित्त उठलेल्या रुग्णांच्या रक्तात बेसोफिल कमी होतात. गेले कोठे? पुढे त्या कातडीतल्या गांधींत सापडल्या. १९७६ साली असे आढळले की, कित्येक रुग्णांच्या बेसोफिल पेशींना आयजीईच्या वाटेने डिवचले तरी त्या हिस्टामीन सोडत नाहीत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी पुढे त्यावरून रुग्णांचे गट पाडले: ज्यांच्या बेसोफिल प्रतिसाद देतात ते, ज्यांच्या देत नाहीत ते, आणि ज्यांच्या रक्तात त्या जवळजवळ नाहीतच ते. रोग शमला की संख्या आणि प्रतिसाद पुन्हा सावरू लागतात.

या साऱ्यांतून आज दोन मुख्य राशी पडल्या आहेत. पहिलीत रुग्णाचे आयजीई त्याच्याच शरीरातील द्रव्यांना शत्रू मानते; दुसरीत निराळी प्रतिपिंडे मास्ट पेशींच्या खुंट्यांवर थेट हल्ला करतात. दुसऱ्या राशीच्या ओळखखुणा अशा: रक्तात एकूण आयजीई कमी, थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे जास्त, बेसोफिल कमी, इओसिनोफिल कमी, आणि रुग्णाचा रस दुसऱ्याच्या बेसोफिल पेशींना लावला असता त्या चेतवल्या जाणे. साऱ्या कडक कसोट्या एकत्र लावल्या तर दुसऱ्या राशीत दहांतला एकही रुग्ण पुरता बसत नाही. कसोट्या सैल केल्या तर बरेच बसतात. तेव्हा राशींच्या सीमा अजून धूसर आहेत, आणि कोणत्याच राशीत न बसणारे रुग्ण आहेतच.

वर्गीकरणाचा हा खटाटोप कशासाठी, हे २०१४ नंतर स्पष्ट झाले. त्या वर्षी आयजीईला निकामी करणारे ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन जुनाट पित्तासाठी अमेरिका आणि युरोपात मान्य झाले. पहिल्या राशीच्या रुग्णांत ते पुष्कळदा थोड्या दिवसांत जादू केल्यासारखे काम करते. दुसऱ्या राशीत, विशेषतः ज्यांचे आयजीई आधीच कमी आहे त्यांच्यात, ते उशिरा लागू पडते किंवा पडतच नाही. त्यांच्यातील काहींना सायक्लोस्पोरिन चालते, मात्र ते घेताना मूत्रपिंडावर आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. २०२५ साली मास्ट पेशीच्या आतील संदेशच तोडणारे रेमिब्रुटिनिब हे पोटात घेण्याचे औषध अमेरिकेत मान्य झाले. ही औषधे महाग आहेत. श्रीमंताने एक महाग औषध सहा महिने वाया घालवले तर त्याचे पैसे जातात. गरिबाने घालवले तर बैल जातो. म्हणून ओळखखुणांची गरज गरिबाला अधिक.

आणि येथेच मला डोळखांबची आठवण करून द्यावयाची आहे. समजा, तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात जुनाट पित्ताची रुग्ण आली. बेसोफिल चेतवून पाहण्याच्या परीक्षेला पेशी मोजणारे महागडे यंत्र लागते आणि रक्त ताजे लागते. डोळखांबहून शहापूर, तेथून आसनगाव स्थानक, तेथून लोकल गाडीने मुंबई, एवढा प्रवास त्या नळीने त्याच दिवशी केला पाहिजे. ते राहू द्या. बेसोफिल नुसत्या मोजाव्या म्हटले तर तंत्रज्ञ नेहमीप्रमाणे काचपट्टीवर शंभर पांढऱ्या पेशी मोजतो. निरोगी माणसात त्यांत बेसोफिल सरासरी अर्धी असते! म्हणजे शून्य आले तर ते निरोगीही असू शकते आणि रोगीही. शंभरांच्या मोजणीत ही खूण दिसणे शक्यच नाही. तिच्यासाठी हजार-दोन हजार पेशी मोजण्याचा धीर हवा किंवा ते काम करणारे यंत्र हवे.

उरतात इओसिनोफिल आणि एकूण आयजीई. त्या दोन्ही सहज मोजता येतात, पण तेथे एक गोम आहे. पोटातील जंतांमुळे या दोन्ही वाढतात. युरोपातील तज्ज्ञांनी दुसऱ्या राशीसाठी आयजीईची जी रेषा धरली आहे ती ४० एककांच्या आसपासची. बर्लिनच्या नागरिकाच्या पोटात जंत नसतात. आपल्याकडे १० फेब्रुवारीला शाळांतून जंतनाशक गोळ्या वाटण्याची राष्ट्रीय मोहीम २०१५ साली सुरू झाली, यावरूनच प्रश्न केवढा आहे ते समजावे. अनवाणी शेतात राबणाऱ्या, विहिरीचे वा ओढ्याचे पाणी पिणाऱ्या बाईचे आयजीई जंतांमुळे वर गेले असेल तर ती मुळात दुसऱ्या राशीची असूनही कागदावर पहिल्या राशीत बसेल. इओसिनोफिलचेही तसेच, जी खूण कमी असावयाची ती जंतांमुळे भरलेली दिसेल. दुसऱ्याच्या मापाने आपले धान्य मोजले की शेर चुकतो, आणि येथे तर धान्याच्या जागी माणूस आहे.

तेव्हा माझ्या मते आपल्याकडील क्रम निराळा असावा. आधी जंतांची तपासणी आणि उपचार. मग काही आठवड्यांनी आयजीई आणि पेशींची मोजणी. जोडीला थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे, कारण त्यांच्यावर जंतांचा परिणाम होत नाही आणि रक्ताची नळी मुंबईस पोहोचण्यास उशीर झाला तरी फारसे बिघडत नाही. शहापूरच्या रुग्णालयात स्वतःच्या रक्तरसाची चाचणी. आणि सर्वांच्या आधी एक वही. दररोज किती गांधी उठल्या त्याला शून्य ते तीन गुण, खाज किती सुटली त्याला शून्य ते तीन गुण. सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त ४२. जगभरचे तज्ज्ञ याच बेरजेने औषधाचा गुण मोजतात, आणि तिला पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. ज्या बाईला लिहिता येत नाही तिच्या घरातील शाळेत जाणारे मूल ती वही लिहू शकते. अशा शंभर वह्या आणि त्यांच्यासोबत जंतांवर उपचार केल्यानंतरचे शंभर आयजीई आकडे या एका तालुक्यातून गोळा झाले, तर ४० ची रेषा येथे ४० वरच ओढावयाची की आणखी वर, हे आपल्याला आपल्याच रुग्णांवरून ठरवता येईल.